गोंडी लाईन

केबल तपासायच्या टेस्टरवरचे दिवे एकामागून एक हिरवे लागत गेले. शेवटचाही लागला तेव्हा माझ्यामागे उभे असलेले राजूरकर साहेब म्हणाले, "झालं तर मग. आपल्याकडे काही नाही."

"दिसत तरी नाही," मी म्हणाले.

"मॅडम, मी पहिल्यापासून हेच सांगून राहिलो. गडबड तिकडची आहे. जंगलात रेंज नसते. त्याला आपण इथे चंद्रपुरात बसून काय करणार?"

खुर्चीवर एक मुलगी बसली होती. हेडफोन तिने मानेवर सरकवला होता आणि त्याची वायर ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. तिचं नाव ज्योत्स्ना उईके. मूळची गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडची.

बसस्टँडजवळच्या एका व्यापारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका संस्थेची रुग्णवाहिकेची हेल्पलाईन होती. मोठ्या हॉलमध्ये मराठी आणि हिंदी फोन घेणारी मंडळी बसत. ज्योत्स्नाला मात्र लिफ्टच्या बाजूची कोपऱ्यातली खोली दिलेली होती, कारण ती गोंडीतून फोन घ्यायची. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून येणारे ते फोन असत. पलीकडचा माणूस ओरडून बोले, हिलाही ओरडावं लागे. हॉलमध्ये इतरांना त्रास होतो म्हणून ही वेगळी खोली केली होती. गोंडी येणारी ती तिथे एकटीच.

आणि तिचेच फोन मध्येच तुटत होते.

कुणी म्हणे रेंज नाही. कुणी म्हणे, बाई कंटाळून स्वतःच बंद करते. नागपूरच्या मुख्य ऑफिसने इथलं सेंटर सांभाळणाऱ्या राजूरकर साहेबांना कळवलं होतं की पुढच्या महिन्यापासून गोंडी लाईन बंद, आणि उईके मॅडमना खाली रिसेप्शनला बसवा. बंद करण्याआधी केबल एकदा तपासून घेतली, एवढं समाधान साहेबांना हवं होतं. म्हणून मला बोलावलं होतं.

ते बाहेर गेले. मी बॅग भरायला लागले.

"ताई, एक फोन येईपर्यंत थांबता का?" ज्योत्स्ना म्हणाली. "एकच."

मला घाई होती. दुपारी बल्लारपूरला दुसरं काम होतं. पण तिने दुसरी खुर्ची आधीच पुढे ओढली होती. मी बसले. तिने जास्तीचा हेडफोन माझ्या हातात दिला.

थोड्या वेळात फोन वाजला. पलीकडे एक म्हातारा माणूस. शब्द कळत नव्हते, पण घाबरलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. ज्योत्स्ना विचारत होती, तो सांगत होता, ती मराठीत टाईप करत होती: 'मुलगा, ताप, झटके'. गावाचं नाव विचारलं असावं, कारण तिची बोटं थांबून वाट पाहत होती. तेवढ्यात त्याचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायला लागला. मग काहीच नाही. स्क्रीनवर लाल पट्टी.

तिने ताबडतोब परत लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

"नाही लागणार आता," ती म्हणाली. "गावात रेंज नसते. टेकडीवर येऊन फोन लावतात. कट झाला की त्यांना वाटतं, आपण ठेवून दिला. मग उतरून जातात."

"आणि पोरगा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. उठून खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली, परत उठली.

मी बल्लारपूरला फोन करून उद्या येते म्हणून सांगितलं.

त्या खोलीचं वायरिंग माझ्या भाऊजींनी केलेलं होतं. मनोहर भाऊजी, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, गावातले जुने इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. आयटीआय झाल्यावर पक्कड हातात कशी धरायची ते मी त्यांच्याकडेच शिकले. पुढे नागपूरला नेटवर्कच्या कंपनीत नोकरी केली, आणि परत आले तेव्हा स्वतःच्या दुकानाचं अर्धं शटर त्यांनी मला दिलं. "लाईटचं मी पाहतो, कॉम्प्युटरचं तू पाहा," म्हणाले होते. पण ही खोली मी यायच्या आधीची. तेव्हा लाईट आणि नेट, दोन्ही त्यांनीच ओढलं होतं. सकाळी निघताना म्हणाले होते, "जाऊन ये. माझ्या कामात काही निघत नाही."

आणि टेस्टरही तेच सांगत होता. पण टेस्टर एवढंच बघतो की या टोकापासून त्या टोकापर्यंत तार जोडलेली आहे की नाही.

मी टेबलाखाली शिरले. जॅक उघडला, पुन्हा बसवला. हॉलमधली एक चांगली वायर आणून लावली. दोन फोन आले. एक नीट झाला, एक तुटला. सगळ्यांत अवघड तेच असतं. बिघाड कायमचा असला की सापडतो. हा येत होता आणि जात होता. मला एका जागी उभं राहवेना. खोलीतून हॉलमध्ये, हॉलमधून खोलीत माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. चहा आला, तो तसाच थंड झाला.

दुपारी लोडशेडिंग सुरू झालं. पंखा थांबला. कॉम्प्युटर आणि फोन यूपीएसवर होते, ते चालू राहिले. त्या अंधुक उकाड्यात ज्योत्स्नाने लागोपाठ तीन फोन घेतले. तिन्ही पूर्ण. स्वच्छ. एका बाईला तर ती हसत हसत काही समजावत होती.

"असंच होते," फोन ठेवून ती म्हणाली. "लाईट गेली की माझे फोन चांगले चालतात. साहेबांना सांगितलं तर हसले."

लाईट आली. पंखा फिरायला लागला. पुढचा फोन तुटला.

मी पंखा बंद केला. ट्यूब बंद केली. तरी तुटला. म्हणजे पंखा नाही, ट्यूब नाही. लाईट असताना चालणारं आणि नसताना न चालणारं आणखी काय आहे इथे? मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाहेरून लिफ्टमधल्या बाईचा तो रेकॉर्ड केलेला आवाज आला, कृपया दरवाजा बंद करा. दार सरकलं. भिंत हलकीशी थरथरली. आणि माझ्या कानातल्या हेडफोनमधला माणूस तुटक तुटक झाला.

मी पुढच्या फोनची वाट पाहिली. लिफ्ट उभी, आवाज स्वच्छ. लिफ्ट निघाली, आवाज फाटला.

धावत पॅसेजमध्ये गेले. लिफ्टशेजारी वायरींचं उभं कपाट असतं, त्याचं दार उघडलं. आत भाऊजींचं काम होतं. ओळंबा लावल्यासारखं सरळ. तळमजल्यावरून गच्चीवरच्या मोटरीकडे जाणारी लिफ्टची जाड काळी केबल, आणि तिला खालपासून वरपर्यंत घट्ट बांधलेली निळी नेटची केबल, जिच्यातून ज्योत्स्नाचे फोन येत. हॉलच्या केबल दुसऱ्या बाजूने गेलेल्या होत्या. फक्त या खोलीची इथून आली होती.

भाऊजी त्याच इमारतीत होते. पहिल्या मजल्यावरच्या तपासणी केंद्रात नवं पॅनल बसवत होते. मी त्यांना हात धरून वर आणलं म्हटलं तरी चालेल.

"बरं, मग?" कपाटात पाहून ते म्हणाले. "जागा तिथंच होती. दोन्हीला इन्शुलेशन आहे. शॉक लागून राहिला का कोणाला?"

"शॉकचा प्रश्न नाही, भाऊजी."

"मग काय जळलं?"

"काही जळत नाही. लाईटच्या वायरमधून करंट पोचला की काम झालं. दिवा जरासा लपलपला तरी तो दिवाच राहतो. या केबलमधून बोलणं जातं, बारीक बारीक तुकडे होऊन. शेजारी मोटर सुरू झाली की तिची गडबड यात शिरते आणि ते तुकडे बिघडतात. फार बिघडले की फोन कट."

"गडबड शिरते. रबराच्या आतून?"

"हो."

"दिसत नाही, ऐकू येत नाही, तुझा टेस्टर हिरवा आहे. तरी काम माझंच चुकलं." त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "प्रणिता, वायर ती वायर असते. पंचवीस वर्षं झाली मला. एक फ्यूज गेला म्हणून कोणी बोलावलं नाही परत."

"लाईटच्या कामाला कोण नाव ठेवतंय? पण हे लाईटचं काम नाहीच ना."

ते काही म्हणणार होते, पण आतून ज्योत्स्नाचा आवाज आला. नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. आम्ही दोघंही खोलीत गेलो.

स्क्रीनवर अक्षरं उमटत होती: 'बहीण, बाळंतपण, कालपासून कळा, रक्त'. ज्योत्स्ना एका हाताने टाईप करत होती, दुसरा हात तिने कानावर दाबून धरला होता. मी जास्तीचा हेडफोन भाऊजींच्या कानाला लावला. त्यांना गोंडी येत नव्हती. पण पलीकडचा तरुण धापा टाकत होता, ते ऐकायला भाषा लागत नव्हती.

बाहेर लिफ्टचं दार सरकलं. भिंत थरथरली.

मी भाऊजींच्या तोंडाकडे पाहत होते. आवाज फाटला तसा त्यांनी हेडफोन कानावर आणखी दाबला, जणू दाबल्याने तो सांधला जाईल. मग स्क्रीनवर लाल पट्टी आली.

ज्योत्स्नाने टेबलावर मूठ आपटली. "गावाचं नाव सांगत होता! आत्ता सांगत होता!"

ती परत परत लावत होती. लागत नव्हता.

आणि मग फोन वाजला. तोच नंबर. तो पोरगा टेकडीवरून उतरला नव्हता.

ज्योत्स्नाने उचलला. त्याच क्षणी खालच्या मजल्यावरून पुन्हा ते कृपया दरवाजा बंद करा.

मी भाऊजींकडे वळले. त्यांच्या हातातला हेडफोन टेबलावर पडलेला होता आणि ते दारातून बाहेर गेलेले होते. गच्चीच्या जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. मी पॅसेजमध्ये येऊन ओरडले, "भाऊजी, आत माणसं असतील!"

"असतील!" वरून आवाज आला.

चालत्या लिफ्टची लाईन तोडणं म्हणजे काय, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तक्रार झाली असती तर लायसन्स गेलं असतं. वर खटका पडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये धक्का खाऊन थांबली.

लगेच आतून दार बडवायला सुरुवात झाली. "कोण आहे तिकडे? लिफ्ट कोणी बंद केली?"

राजूरकर साहेबांचा आवाज.

मी जाळीच्या फटीपाशी गुडघ्यांवर बसले. "सर, थोडा वेळ थांबा. एक फोन चालू आहे."

"काय? मॅडम, तुम्ही? वेड लागलं का? माझ्यासोबत पेशंट आहे! लिफ्ट सुरू करा!"

"सर, लिफ्ट सुरू केली की फोन तुटतो. गडबड रेंजची नाही. लिफ्टची आहे."

"मी पोलिसात देईन तुम्हाला!"

आत कोण पेशंट आहे, काय आजार आहे, काही माहीत नव्हतं. मागून ज्योत्स्नाचा आवाज येत होता, आता घाई नसलेला, एकेक शब्द रोवत जाणारा. वर भाऊजी खटक्यावर हात ठेवून उभे असणार. मी हो म्हटलं की ते सुरू करतील. मी फटीला तोंड लावलं.

"आतमध्ये कोण आहे? त्रास होतोय का?"

"मी आहे, बाई." एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. "शुगर तपासाले आली होती. कोणाचा फोन आहे?"

"एक बाळंतीण आहे, आजी. अडलीय. कालपासून. तिचा भाऊ फोनवर आहे. गावाचं नाव घेईपर्यंत..."

तीच बाई म्हणाली, माझ्याशी नाही, "साहेब, दार नका ठोकू. बसा जरा खाली. मी बी बसते. पोरीचं बाळंतपण होऊन राहिलं म्हणते ते."

दार बडवणं थांबलं.

मी पळत खोलीत गेले. स्क्रीन भरत होती. गावाचं नाव. नाल्यावर पाणी, गाडी पलीकडे येणार नाही. बाजेवरून शाळेपर्यंत आणा. रक्त थांबायला काय करायचं ते ज्योत्स्ना सांगत होती, तो पलीकडून परत म्हणून दाखवत होता, चुकला की ती पुन्हा सांगत होती. मध्येच तिने दुसऱ्या फोनवरून धानोऱ्याच्या गाडीला रस्ता सांगितला. पुन्हा त्याच्याकडे. एकदाही तिला "काय? काय म्हणाला?" असं विचारावं लागलं नाही. मग तिने स्वतःहून काहीतरी शेवटचं सांगितलं, त्याने उत्तर दिलं, आणि तिने फोन ठेवला.

"निघाली गाडी," ती म्हणाली.

मी जिन्यावरून ओरडले. वर खटका पडला, लिफ्ट हलली.

दार उघडलं तेव्हा राजूरकर साहेब घामाने निथळत होते. त्यांच्या बाजूला एक वाळकी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला हाताला धरून उठवलं. "सापडलं का गाव?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने पदर नीट केला आणि लिफ्टकडे न बघता जिन्याने खाली निघाली.

साहेब माझ्यावर ओरडायला तोंड उघडून होते. मी त्यांना खोलीत नेऊन हेडफोन दिला आणि शिपायाला म्हटलं, लिफ्ट वर-खाली करत राहा. पुढच्या फोनवर त्यांनी स्वतः ऐकलं. आवाज फाटायला लागला तसे ते स्वतःच ओरडले, "लिफ्ट थांबवा!"

"म्हणजे," ज्योत्स्ना म्हणाली. ती आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हती. "आतापर्यंतचे सगळे... तिकडून तुटत नव्हते?"

"नाही," मी म्हणाले.

"इथं तुटत होते. या भिंतीत."

भाऊजी दाराच्या चौकटीत उभे होते. गच्चीवरून उतरल्यावर ते आत आलेच नव्हते. ते तिथूनच वळले, कपाटापाशी गेले, आणि स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाठी कापायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू फक्त सांग. कुठून न्यायची?"

पॅसेजच्या पलीकडच्या भिंतीवरून नवा पाइप टाकायचं ठरलं. मी भिंतीवर पेन्सिलने खूण केली. भाऊजींनी पाहिलं.

"लिफ्टच्या केबलपासून एवढं अंतर बस आहे?"

"बस आहे."

त्यांनी खूण पुसली आणि आणखी हातभर लांब केली. मग ड्रिल लावलं. केबल ओढताना मी म्हणाले, "ताणू नका, भाऊजी, आतल्या तारांना पीळ असतो तो सुटतो." लाईटची वायर आयुष्यभर हिसका मारून ओढलेला माणूस, पण त्या दिवशी ती केबल त्यांनी सुईतून दोरा ओढावा तशी ओढली. कुठे जोड नको म्हटलं, तर अख्खं नवं बंडल उघडलं.

काम चालू असतानाच धानोऱ्याच्या गाडीवाल्याचा फोन आला. शाळेपाशी बाजेवर बाई मिळाली होती. मुलगी झाली, गाडीतच. बाईला रक्त द्यावं लागणार होतं, पण शुद्धीवर होती. राजूरकर साहेबांनी ते हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं. मग स्वतःच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. नागपूरशी बराच वेळ बोलत होते. गोंडी लाईन बंद झाली नाही. पुढे तिथे आणखी दोघी लागल्या, असं मी नंतर ऐकलं. त्या दिवशी मात्र ज्योत्स्नाने याबद्दल काही विचारलं नाही.

नवी केबल लागली. मी लिफ्ट वर-खाली करून पाहिली. आवाज जराही हलला नाही. ऊन उतरलं होतं, तिच्या कामाची पाळी संपली होती. पण ती खुर्चीतून उठली नव्हती. स्क्रीनवर तिने जुने तुटलेले फोन काढले होते आणि खालून वर एकेक नंबर लावत होती. बरेच लागत नव्हते. लागला की ती एकच छोटं वाक्य बोलायची. पुन्हा पुन्हा तेच वाक्य. मला पाठ झालं, अर्थ कळत नसताना.

"काय सांगतेस त्यांना?" मी विचारलं.

"फोन मी ठेवला नव्हता म्हणून."

भाऊजी हत्यारं पिशवीत भरत होते, ते थांबले.

पुढचा नंबर लागला. तिने तेच वाक्य म्हटलं. पलीकडून खूप वेळ कुणी बोलत राहिलं. एक पुरुष, वयस्कर, शांत. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने डोळे मिटले. शेवटी हळू आवाजात काही म्हणाली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"त्यांची सून गेली. साप चावला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी तीनदा फोन लावला त्यांनी. तिन्ही वेळा तुटला. मग गावातल्या सगळ्यांना सांगितलं की हा नंबर आपल्यासाठी नाही."

भाऊजींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आणि आत्ता?" त्यांनी विचारलं.

"आत्ता म्हणाले, बरं केलं सांगितलंस. आज गोटुलात, गावाच्या बैठकीच्या जागी, सगळे बसतील तेव्हा नंबर परत सांगतो."

तिने नाक पुसलं, हेडफोन डोक्यावर चढवला आणि पुढचा नंबर लावला.